सर्दी होती म्हणून राहून गेलेला डोस

लस नाकारणाऱ्यांपेक्षा ‘घेऊ की पुढच्या आठवड्यात’ म्हणणारे पालक जास्त असतात, हा लसीकरणावरच्या एका लेखात वाचलेला मुद्दा मनाला लागला, कारण मी त्यातलीच. धाकटीचा डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोस होता त्या दिवशी तिचं नाक वाहत होतं. मग घरी पाहुणे, मग मीच तापाने आडवी. कार्डावर पेन्सिलने लिहिलेली तारीख दोनदा खोडली आणि बघता बघता दोन महिने गेले. साध्या सर्दीत लस देता येते, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं!

डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो पहिल्या काही महिन्यांत. इतकं लहान बाळ कधी कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. म्हणजे जे दिवस आपण पुढे ढकलतो, नेमके तेच धोक्याचे. गोवराच्या लसीलाही उशीर नको. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहतो. साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात.

उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका. बहुतेक लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, राहिलेल्या डोसपासून पुढे देतात. रोटाव्हायरसच्या (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लसीला मात्र वयाची मर्यादा आहे, ती आधी विचारा. कार्ड घेऊन जा, हरवलं असलं तरी जा.