पाणी बघायला एवढे पैसे?

फोटो टाकून आठ दिवस झाले, कमेंटमधे सगळे "वा वा सुंदर" अन् इनबॉक्समधे "एवढे पैसे आणले कुठून, लोन काढलं का" असलं वेगळंच, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. हो, आम्ही मालदीवला गेलतोत. तीन रात्री चार दिवस. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून. दोघांचे मिळून पावणेदोन लाखाच्या वर गेले, त्यात माझी भिशी लागली ती अन् बाकी यांनी आरडी मोडली. लोन काढलेलं नाही. झालं समाधान? आता पुढं.

सगळ्यात जास्त टोचलं ते आमच्या जाऊबाईंचं. "पाणी बघायला एवढे पैसे घालायचे व्हय?" म्हणल्या. तेव्हा मी काही बोलले नाही, पण हे वाक्य माझ्याबरोबर विमानात बसून तिकडं आलं अन् परत पण आलं. कारण पाणी बघायला तर आपण जातोतच की! मांजरा धरण भरलं अन् धनेगावला त्याचे दरवाजे उघडले म्हणलं की अर्धं लातूर गाड्या काढून निघतं, भज्याचे गाडे लागतात, बायका खण-नारळ घेऊन ओटी भरायला येतात, पोरं कठड्यावर चढून सेल्फी. पैठणला नाथसागराचे २७ दरवाजे उघडले की तिथं पोलीस लावावे लागतात गर्दी आवरायला. पाणी बघायला जाणं ही आपल्याकडची जुनी सहल आहे, फक्त तिला आपण सहल म्हणत नाही. जाऊबाई स्वतः दोन वेळा धनेगावला जाऊन आल्यात, डबा घेऊन.

पण खोटं कशाला बोलू, मन खात होतं. बुकिंग केलं जुलैत, नॉन-रिफंडेबल, स्वस्त पडतं म्हणून. अन् २०२५ चा सप्टेंबर कसा गेला ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. माझ्या भावाचं सोयाबीन शेंगा भरलेलं पाण्याखाली गेलं, बांध फुटला, माती वाहून गेली. हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झालेला, पण भाव घ्यायला माल तर पाहिजे ना हातात. मी त्याला फोन करून म्हणलं कॅन्सल करते, तर म्हणला, "ताई, तू नाही गेलीस म्हणून माझं रान काय वाळणाराय का? पैसे बुडवू नको, जा." गेलोत. पण बॅगेत ते ओझं होतंच.

बॅगेत बाकी काय होतं ते पण सांगते. शेंगाच्या पोळ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, अन् यांच्या हट्टापायी कडक भाकरी. आत्याबाई तुळजाभवानीची छोटी मूर्ती देत होत्या, पण तिथं पूजेच्या मूर्ती न्यायला कस्टमची बंदी आहे हे पुतण्यानं आधीच वाचून ठेवलेलं, त्यामुळं मूर्ती देव्हाऱ्यातच राहिली अन् आम्ही निघालोत. रात्रीच्या रेल्वेनं लातूरहून मुंबई, तिथून विमानानं तीन तासाच्या आत माले, म्हणजे मालदीवची राजधानी. व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट मिळतो, फक्त निघायच्या आधी चार दिवसांत एक ऑनलाईन फॉर्म भरायचा. विमानतळ म्हणजे एक स्वतंत्र बेटच आहे, बाहेर आलं की रिक्षा नाहीत, बोटी! सी-प्लेन महाग अन् ते फक्त उजेडातच उडतं, म्हणून आम्ही स्पीडबोटवालं रिसॉर्ट घेतलं होतं. एक सल्ला देते, किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं छापलेली असतात ना, ती नीट बघा, दहा टक्के सर्व्हिस चार्ज अन् सतरा टक्के टॅक्स त्याच्यात लपलेला असतो, वर माणशी रात्रीला बारा डॉलर ग्रीन टॅक्स वेगळा. आमच्या यांनी शेवटच्या दिवशी बिल बघून जे तोंड केलं त्याचा फोटो मी टाकलेला नाही.

तिथला रंग सांगायचा प्रयत्न करणार नाही, फोटोत आहे तसाच आहे, फिल्टर नाही. पण पायाखालची वाळू! दुपारी बारा वाजता अनवाणी चाललं तरी पाय भाजत नाही, कारण ती आपल्या नदीच्या वाळूसारखी नाहीच, प्रवाळाचा चुरा आहे. पॅरटफिश नावाचा मासा प्रवाळ कुरतडतो, पचवतो अन् मागून वाळू बाहेर टाकतो, त्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असाच तयार होतो म्हणे. हे ऐकल्यावर यांनी वाळूत झोपायचं बंद केलं.

आता आराम. आराम करायला गेलतोत ना, तर आराम म्हणजे काय ते आम्हाला माहीतच नाही हे पहिल्या दिवशीच कळलं. आपली ट्रिप म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, दुपारपर्यंत दोन देव झालेच पाहिजेत, नाही झाले तर ड्रायव्हरवर राग. इथं अख्ख्या बेटाला चक्कर मारायला पंधरा मिनिटं. यांनी दुपारपर्यंत तीन चकरा मारल्या अन् रिसेप्शनवर जाऊन विचारलं, इथं बघायला काय काय आहे? ती पोरगी बिचारी गोंधळली अन् तिनं समुद्राकडं हात केला. "ते बघितलं," हे म्हणले. त्यात घड्याळाचा वेगळाच घोळ. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं, अन् रिसॉर्टनं आपलं स्वतःचं घड्याळ देशाच्या एक तास पुढं ठेवलेलं, सूर्य उशिरापर्यंत पुरावा म्हणून. आमचा पहिल्या दिवशीचा नाष्टा ह्याच्यातच हुकला. धपाटे कामाला आले.

अन् मग बाथरूम.

मी आत गेले अन् पहिली गोष्ट शोधली ती बादली. नाही. पाणी घ्यायचा मग्गा पण नाही. शॉवरचं पाणी गरम होईपर्यंत जे थंड वाहून जातं ते कशात धरायचं? ज्या बाईनं २०१६ चा उन्हाळा लातुरात काढलाय तिला ते पाणी तसंच जाताना बघवत नाही हो. बघा, त्या वर्षी मार्चमधे पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती आपल्याकडं. १४४ कलम, घागरीसाठी! रात्री दोनला टँकरचा आवाज आला की मी नंबराला, हे कॅन धरून मागं, लेकरू झोपेत दुसऱ्या कॅनवर बसलेलं. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं संडासात. अन् इथं? खोलीच्या मागं उघड्या आभाळाखाली बाथटब, माणूस आडवा मावेल एवढा. वर समोरच्या डेकवर एक छोटा स्विमिंग पूल. गोड्या पाण्याचा. समुद्रापासून मोजून अकरा पावलं. समुद्राच्या काठावर पोहायला वेगळा हौद! हे मला चारी दिवस पचलं नाही अन् आज पण पचलेलं नाही, त्याला कुणी लक्झरी म्हणो, मी उधळेपणा म्हणणार.

कारण ते गोडं पाणी आलं कुठून? दुसऱ्या दिवशी रूम साफ करणाऱ्या पोराला मी विचारलंच. बांगलादेशचा होता, हिंदी चांगलं बोलत होता, त्याला पण गंमत वाटली असणार, कारण गेस्ट लोक बीचचं विचारतात अन् ही बाई टाकी कुठंय विचारायली. तो आम्हाला नारळाच्या झाडीमागं घेऊन गेला. तिथं पुढच्यासारखं काहीच सुंदर नाही. डिझेलचे जनरेटर घुरघुरायलेत, पाईपच पाईप, अन् एका शेडमधे समुद्राचं पाणी दाबानं जाळीतून ढकलून गोडं करायचा आरओ प्लांट. आपल्या किचनमधे भिंतीला असतो त्याचाच आजोबा म्हणा. मालदीवमधे नदी नावाची गोष्ट नाही. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो तेवढा, खाऱ्या पाण्यावर तरंगत, अन् २००४ च्या त्सुनामीत कितीतरी बेटांवरच्या विहिरी खारट होऊन बसल्या. म्हणजे माझ्या टबातला एकेक तांब्या डिझेल जाळून समुद्रातून काढलेला. हे कळल्यावर मी टबाकडं बघायची पण बंद झाले.

तिसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची लोकल बेटाची टूर घेतली, अन् सांगते, पावणेदोन लाखातलं वसूल झालं ते इथं. साधं गाव. बारक्या गल्ल्या, मशीद, दुकानं, अंगणात जाळीच्या खुर्च्या टांगलेल्या, त्यात बसून बाया गप्पा मारायल्या. अन् घराघराच्या भिंतीला लागून टाकी! पन्हाळीला पाईप जोडलेला, पाईप टाकीत सोडलेला, टाकीला नळ, नळाखाली बादली. मी जाऊन त्या बादलीचा फोटो काढला. हे म्हणले, "सगळा समुद्र सोडून बादलीचा फोटो काय काढायलीस?" आता काय सांगू.

भाषा पण कानाला ओळखीची लागली. दिवेही. लिपी उजवीकडून डावीकडं, आपल्याला ओ का ठो कळत नाही, पण आकडे ऐका, एकेह, देह, तिनेह. मासोळीला मस. सकाळचा त्यांचा नाष्टा मस हुनी म्हणजे ट्युना, खोबरं, कांदा, मिरची हातानं कालवलेलं, बरोबर रोशी, म्हणजे आपली पोळीच की. मी शाकाहारी, मला नुसती रोशी दिली, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी घेतली. टपरीवाल्या मावशीनं बोट लावून चाखली अन् अजून मागितली. उरलेली पुडी तिलाच देऊन टाकली.

तिथंच आमच्या गाईडनं २०१४ ची गोष्ट काढली. डिसेंबरमधे मालेच्या पाण्याच्या प्लांटला आग लागली, लाखाच्या वर माणसं असलेलं शहर एका दिवसात कोरडं. चारी बाजूनं समुद्र अन् प्यायला थेंब नाही. तेव्हा भारतानं विमानानं अन् नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं होतं, ऑपरेशन नीर. तो म्हणला, तुम्ही इंडियातले ना, थँक्यू. मी म्हणलं अरे बाबा, ते पाणी पाठवल्यावर दीडच वर्षात आमच्या गावाला पण पाणी पाठवावं लागलं, रेल्वेनं, मिरजहून, साडेतीनशे किलोमीटर. एप्रिल २०१६. पहिल्या गाडीला दहा डबे, एकेकात पन्नास हजार लिटर, अन् आम्ही रेल्वे बघायला गेलो होतोत. हो, परत पाणी बघायलाच! त्याला ते खरं वाटेना. इंडियात नद्या आहेत ना, म्हणला. आहेत म्हणलं, नकाशात.

अन् ऐका, तेवढ्यावर थांबत नाही हे. स्नॉर्कलिंग शिकवणाऱ्या माणसानं पाण्याखालचं प्रवाळ दाखवलं तर ते फोटोत असतं तसं रंगीत नव्हतंच सगळीकडं, कितीतरी ठिकाणी राखाडी, मोडकं, हाडाच्या ढिगासारखं. म्हणला, समुद्र तापला अन् पांढरं पडून मेलं, १९९८ ला एकदा अन् मग २०१६ ला, एप्रिल-मेमधे. मी तोंडातली नळी काढून त्याला परत महिना विचारला. तोच एल निनो, प्रशांत महासागर तापून जगभरचं हवामान बिघडवणारा! इकडं आपला २०१५ चा पाऊस त्यानं पळवला अन् तिकडं समुद्र उकळला. मी घागर घेऊन नंबराला उभी होते तेव्हा हे इथं पाण्यात असून जळायलं होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून मला एकदम रडू आलं अन् हे विचारायलेत, "मासा चावला का?"

जायचं की नाही असं बऱ्याच जणींनी विचारलंय. जमत असेल तर जा. २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या उपमंत्र्यांनी मोदींबद्दल टाकलेल्या वाईट पोस्टवरून आपल्याकडं मालदीव बॉयकॉट चाललं होतं तेव्हा मी पण दोन फॉरवर्ड केले होते, कबूल करते, आता ती टपरीवाली मावशी डोळ्यासमोर येते. पण रिसॉर्टवर चार दिवस काढण्यापेक्षा दोन दिवस लोकल बेटावरच्या गेस्टहाऊसमधे काढा, पैसे पण वाचतात. अन् ही बेटं सरासरी दीड मीटर उंचीवर आहेत समुद्रापासून, देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आतच. आमच्या गच्चीवरची टाकी त्याच्यापेक्षा उंचावर आहे. ते लोक पाण्याकडं बघून काय विचार करत असतील हे मला विचारायचं होतं, पण धाडस झालं नाही. सप्टेंबरमधे भावाच्या रानात गुडघाभर पाणी बघितल्यावर मला पण कुणी विचारलेलं आवडलं नसतं.

शेवटच्या दिवशी हे म्हणले, "भर की तो टब एकदा, पैसे मोजलेत." भरला. चार बोटं. बसले दहा मिनिटं पाय पसरून, वर आभाळ, छान वाटलं, नाही म्हणणार नाही. पण उठल्यावर ते पाणी सोडून द्यायला हात होईना. मग काय, दोघांचे खारट झालेले सगळे कपडे त्यात टाकले, शॅम्पूची बाटली होतीच, मस्त आपटून धुतले अन् डेकच्या कठड्यावर वाळत घातले, यांची बनियन अगदी समुद्राकडं तोंड करून. वीस मिनिटात रिसेप्शनवरून फोन, मॅडम प्लीज, कठड्यावर कपडे घालायला परवानगी नाही.

घरी आलोत त्या रात्री दीडला नळ आला. जाऊबाई सकाळी आल्या, म्हणल्या, "मग, कसं होतं पाणी?"

"खारट."

"मग काय उपयोग," म्हणल्या अन् चॉकलेटचा डबा घेऊन गेल्या.