डोंगल आधी की झिप ड्राइव्ह आधी? निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर. विंडोज 98 च्या मशीनला पॅरलल पोर्टचा (प्रिंटर लावायच्या जुन्या जागेचा) झिप ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपीपेक्षा जास्त माल मावणाऱ्या झिप डिस्का वाचणारा ड्राइव्ह, कसा बसवायचा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं, की सांगितलं तसं सगळं केलं, ड्राइव्हचा दिवाही लागला, पण 'माय कम्प्युटर'मध्ये ड्राइव्हचं अक्षर (सी, डी तसलं) काही उमटलं नाही. वर, तीनेकशे रुपयांची यूएसबी-पॅरलल केबल घेऊन लॅपटॉपला जोडलं असतं तर हा खटाटोप लागलाच नसता, आणि एकूणच हे भंगाराचं कौतुक आहे.

भंगार आहे, कबूल. घरातही याच शब्दावरून रोज ऐकून घेतो.

अक्षर न उमटण्याचं पाप बहुतेक माझंच. मी लिहिलं होतं, आधी डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा तुकडा, पोर्टला लावा आणि त्याच्या मागे झिपची केबल. माझ्या मशीनवर तसं चाललं, म्हणून बेधडक लिहून मोकळा झालो. मराठी डीटीपीचं (छपाईची पानं लावायचं) सॉफ्टवेअर उघडणारं ते डोंगल काही ठिकाणी झिपचे सिग्नल सरळ पुढे जाऊ देत नाही. उलट क्रमाने लावलं तर कधी सॉफ्टवेअरच म्हणतं, डोंगल कुठाय? आता मी दोन्ही एकत्र लावतच नाही. मशीन बंद करून डोंगल काढायचं, झिप थेट पोर्टला जोडायची, आधी झिपच्या अडॅप्टरचं बटण दाबायचं आणि मग मशीन चालू करायचं. फायली हार्ड डिस्कवर उतरवल्या की पुन्हा सगळं बंद करून डोंगल जागेवर. चालू मशीनवर या पोर्टच्या केबली ओढू नका. एवढ्यानेही जमलं नाही तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पॅरलल पोर्टचा मोड बघा. माझ्याकडे ईसीपी मोडवर रडत होतं, ईपीपी मोड केल्यावर सुरळीत झालं.

केबलचं मात्र मी ऐकणार नाही. ती केबल प्रिंटरसाठी बनवलेली असते. लॅपटॉपला ती पोर्ट म्हणून दिसतच नाही, प्रिंटरची जोडणी म्हणून दिसते, आणि झिपचा ड्रायव्हर तर खरा पोर्ट शोधत बसतो. तशी एक केबल माझ्याही ड्रॉवरमध्ये आहे, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतोय.

यूएसबीचाच झिप ड्राइव्ह घ्या म्हणाला असतात तर मान डोलावली असती. डिस्क वाचायला तोच सोपा. पण डिस्क वाचून काम अर्धंच होतं.

बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्याच्या काकांनी माझ्यासमोर बिस्किटांचा डबा ठेवला. आत अकरा झिप डिस्का, प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेलं: 'लग्नपत्रिका म./क.', 'स्मरणिका', 'हँडबिल'. शंभर एमबीची एक डिस्क म्हणजे जवळपास सत्तर फ्लॉप्यांचा माल. "तेवढं उघडून द्या की ओ," एवढंच म्हणाले. कडोली-येळ्ळूरकडे गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात ना, तसल्याच एका संमेलनाची स्मरणिका त्यात होती आणि छापील प्रत काकांकडेही उरली नव्हती. फायली लॅपटॉपवर उतरवल्या, मजकूर उघडला, तर स्वागताध्यक्षांच्या भाषणाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे एकसारखं मराठी दाखवणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचे फाँट हे असेच. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षर भाडेकरू म्हणून राहतं, फाँट गेला की भाडेकरूही गेला. तो फाँट, ते सॉफ्टवेअर आणि ते डोंगल ज्या मशीनवर चालतं, त्याच मशीनवर शेवटी पानं लागली. तिथेच प्रिंट काढून स्कॅन केली. (प्रिंटरही त्याच पोर्टवर, म्हणजे केबलींची आणखी एक काढघाल.)

पेनड्राइव्हचंही तुम्ही विचारलंय. विंडोज 98 ला तो आपोआप ओळखता येत नाही, ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. आणि पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट तिथे वाचला जाणार नाही.

लेखात एक इशारा द्यायचा राहिला होता. डिस्क घातल्यावर ड्राइव्हमधून टक्-टक् असा आवाज येत राहिला तर लगेच थांबा, दुसरी डिस्क घालून बघू नका. बिघडलेला हेड (डिस्क वाचणारा भाग) डिस्कची कड खराब करतो आणि ती डिस्क मग दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हचा हेड बिघडवू शकते. 'क्लिक ऑफ डेथ' म्हणतात ते हेच.

आणि बायोसला हात लावण्याआधी तुमच्या ड्राइव्हची मागची बाजू एकदा बघा. तिथे 5 आणि 6 असे आकडे असलेला छोटा स्विच दिसला तर तो ड्राइव्ह पॅरललचा नाहीच, स्कझी (SCSI) या वेगळ्या जोडणीचा आहे. दोन्हींना 25 पिनांचीच जागा असते, त्यामुळे केबल निमूट बसते, दिवाही लागतो, आणि माणूस दिवसभर बायोस धुंडाळत बसतो. तसं असेल तर केबल आधी काढा आणि मला कळवा. स्कझी कार्ड माझ्याकडे एक पडून आहे, बेळगावला आलात की घेऊन जा.