पीझो फिल्म मोजायला साधा मल्टिमीटर का चालत नाही

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : पीझो फिल्मचे, म्हणजे दाबली-वाकवली की विद्युतभार देणाऱ्या पातळ प्लास्टिक पट्टीचे, आउटपुट मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो, मीटरने शून्य दाखवले तर फिल्म बाद समजावी, ऑसिलोस्कोपवर दिसणारे शिखर हाच फिल्मचा खरा व्होल्टेज, आणि टिचकीला 20 व्होल्ट मिळाले की मोबाइल चार्ज होण्याइतकी वीज तयार झाली. यातले एकही विधान टिकणारे नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत उदगीरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पीव्हीडीएफच्या (पीझो फिल्मसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या) तीन पट्ट्या मीटर हलत नाही म्हणून टाकून द्यायला काढल्या होत्या. तिन्ही पट्ट्या शाबूत होत्या.

मीटर का हलला नाही, हे आधी पाहू. फिल्म बॅटरीसारखी सतत वीज पुरवत नाही. ताण बदलला की तिच्या दोन पृष्ठांवर थोडा विद्युतभार येतो, आणि तो जोडलेल्या उपकरणातूनच वाहून जातो. 28 मायक्रॉन जाडीच्या लहान पट्टीची धारिता (भार साठवण्याची क्षमता) सुमारे 500 पिकोफॅरड धरली आणि डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रोध नेहमीप्रमाणे 10 मेगाओहम असला, तर दोहोंचा गुणाकार, म्हणजे कालस्थिरांक (भार किती वेळात ओसरतो याचे माप), 5 मिलिसेकंद येतो. मीटरवरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे तो बदलण्याच्या कितीतरी आधी भार निघून गेलेला असतो. शून्य दिसले ते मीटरमुळे. त्यावरून फिल्मला दोष देता येत नाही.

ऑसिलोस्कोप वेगवान असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. पण त्याचा इनपुट रोध 1 मेगाओहमच असतो. याच पट्टीला तो थेट जोडला तर सुमारे 320 हर्ट्झच्या खालचे संकेत दबतात, आणि दहापट प्रोब (इनपुट रोध दहापट करणारी मोजणीची तार) लावला तरी ही मर्यादा 32 हर्ट्झपर्यंतच उतरते. माणसाची पावले सेकंदाला एक-दोनदा पडतात. म्हणजे चालण्याचा किंवा श्वासाचा संकेत मोजणाऱ्याला पडद्यावर दाबाचा आकार दिसतच नाही, दाब किती झपाट्याने बदलला एवढेच दिसते, आणि त्या शिखराला फिल्मचा व्होल्टेज म्हणणे चूक ठरते. शिवाय मीटरभर कोअॅक्सियल केबल सुमारे 100 पिकोफॅरडची भर घालते. फिल्म 50 पिकोफॅरडची असेल तर निव्वळ केबलमुळे व्होल्टेज एक तृतीयांशावर येतो.

याहून मोठा धोका खोट्या संकेताचा आहे, आणि त्याबद्दल तो संदेश अवाक्षर काढत नाही. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की नायलॉनची ओढणी सारखी केली तरी चटका बसतो. त्याच दिवसांत आम्ही साध्या प्लास्टिकच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून बोटाने टिचकी मारली, तेव्हा पडद्यावर पीझोसारखेच टोकदार शिखर उमटले, कारण तो घर्षणाने आणि स्पर्शाने आलेला भार होता. नुसत्या तारा उलटून ही शंका फिटत नाही, कारण तारा उलटल्या की कोणताही संकेत उलटतो. वरची तार वरच ठेवून फिल्म पालथी करावी : दाबाचा खरा पीझो संकेत चिन्ह बदलतो, स्पर्शाचा सहसा बदलत नाही. पोलिंग न केलेली, म्हणजे मोठा व्होल्टेज लावून पीझो गुण न दिलेली, त्याच मापाची पट्टीही शेजारी तपासावी, आणि सगळी जोडणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थ करावा, म्हणजे 50 हर्ट्झची घरघर बरीच कमी होते.

मग घ्यावे काय? संथ किंवा स्थिर दाबासाठी इलेक्ट्रोमीटर, म्हणजे भार जवळजवळ वाहू न देता मोजणारे उपकरण. त्याचा इनपुट रोध 100 टेराओहमच्याही वर असू शकतो, पण किंमत लाखांत जाते. बहुतेक प्रकल्पांना चार्ज अॅम्प्लिफायर (भाराचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारे सर्किट) पुरतो, आणि तो सीए 3140 सारख्या ऑपअँपवर (संकेत वाढवणाऱ्या चिपवर) आपल्याच हातांनी बांधता येतो. फीडबॅकला, म्हणजे चिपच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत, 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि 1 गिगाओहमचा रोध लावला तर 0.16 हर्ट्झपासून वरचे संकेत मिळतात. जाडीच्या दिशेने न्यूटनमागे 30 पिकोकूलोंब भार धरला तर 10 न्यूटनला 0.3 व्होल्ट येतात, आणि केबल लांबवल्याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही.

राहिला मोबाइल. 500 पिकोफॅरडवर 20 व्होल्ट म्हणजे 0.1 मायक्रोज्यूल. 5000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे 69 हजार ज्यूल मावतात, म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी जवळजवळ 70 हजार कोटी टिचक्या लागतील. व्होल्टेजचे शिखर आणि करंटचे शिखर वेगवेगळ्या जोडण्यांत मोजून त्यांचा गुणाकार करणे, हेही शक्तीचे माप नव्हे. शक्ती ठाऊक असलेल्या लोडवर मोजावी, आणि 1 हर्ट्झला या पट्टीसाठी योग्य लोड सुमारे 320 मेगाओहम असल्याने तिथे 10 मेगाओहमचा मीटर जोडताच लोडच बदलतो. मल्टिमीटर चालतो तो एका ठिकाणी : ब्रिज रेक्टिफायरमागे (उलटसुलट संकेत एकाच दिशेचा करणाऱ्या चार डायोडांमागे) कमी गळतीचा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा, मोजून हजार टिचक्या माराव्यात आणि मगच मीटर क्षणभर टेकवावा. तेव्हा कालस्थिरांक 100 सेकंदांचा असतो, त्यामुळे आकडा वाचायला पुरेसा वेळ मिळतो.