सोयाबीनला घाम आलाय

“मामा, तुमच्या सोयाबीनला घाम आलाय!”

लातूर जिल्ह्यातल्या एका आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, मी 4 हंगाम पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, लिहिल्या. हे वाक्य तिथं दिवसातून दहादा कानावर पडायचं. ओलावा मोजायच्या मॉईश्चर मशिनवर 14 आकडा आला की मुनीम ते म्हणायचे, मापाडी हसायचा, हमाल हसायचे, मीही हसायचो. आणि ज्याचं सोयाबीन तो मामाही हसायचा. त्याचं ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. टेम्पोचं भाडं अंगावर पडलेलं, माल ओतून झालेला, परत पोत्यात भरायचा तर हमाली पुन्हा. हसण्यावारी नेईल नाहीतर काय करील माणूस?

हिशोब सांगतो. ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. त्याच्या वर आमच्याकडं प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागं एक किलो कापायचे. 20 क्विंटल माल आणि आकडा 14, म्हणजे 40 किलो गेले. 4,000 चा भाव धरला तरी 1,600 रुपये. बाईमाणसाची किती दिवसांची खुरपणी झाली ही, तुम्हीच मोजा. मशिनवर सेटिंग कोणत्या धान्याचं लावलंय, मूठ कुठून उचललीय, यावर आकडा हलतो. सकाळी दव पडलेल्या ढिगाच्या वरच्या थरातली मूठ घेतली की काम फत्ते. दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कामावर थट्टामस्करी पाहिजेच. हमालांच्या थट्टेवर पोट धरून हसलोय मी, आजही ती माणसं आठवतात. पण लुबाडणुकीवरची थट्टा मला आता सहन होत नाही. ती आधी येते, वाट मोकळी करायला. एकदा हसलात की तुम्ही त्यात सामील.

एका नव्या पोरानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मुनीमजी, परत एकदा लावून बघू का?” त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ‘इन्स्पेक्टर’. चहा आला की, “आधी इन्स्पेक्टर साहेबांना द्या रे!” आकडा लिहायला बसला की, “गप बसा रे, साहेब तपासायलेत.” पोरगं दिवाळीच्या आत काम सोडून गेलं. त्याला कुणी रागाचा एक शब्द बोललं नव्हतं. सगळे हसत होते, त्यात मीही होतो. याची मला लाज वाटते.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती 12 वरून 15 टक्के केली. बातमी आली त्या दिवशी दुकानात काय बोलले माहितेय? “आता घाम 16 ला फुटंल.” आणि पुन्हा हशा.

यंदा जी पोरं काट्यावर बसणार आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. मशिनचं तोंड शेतकऱ्याकडं करून ठेवा. तीन जागची मूठ घ्या, आकडा मोठ्यानं वाचा. आणि मुनीम घामाचं काही बोलले, तर त्या वेळी मामाच्या तोंडाकडं बघा.