गळा सुरेल आहे, म्हणून थेरपिस्ट?

'गाता-वाजवता येतं ना? मग म्युझिक थेरपिस्ट व्हायला पदवी कशाला? दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, मन शांत करणारी गाणी निवडा आणि सुरुवात करा.' हा मेसेज बराच फिरतोय.

गाता-वाजवता यायलाच हवं, त्यात वाद नाही. म्युझिक थेरपीच्या पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश घेतानाच ऑडिशन द्यावी लागते. पण ती झाली प्रवेशाची अट. मानसशास्त्र, मेंदूचे आजार, रुग्णाचं मूल्यमापन हे सगळं त्यानंतर.

'गाणी निवडा' हा सल्ला तर अगदीच पोकळ. पक्षाघातानंतर बोलणं समजतं, पण शब्द ओठांवर येत नाहीत अशा माणसासाठी 1973च्या सुमारास एक पद्धत पुढे आली. 'पाणी दे' एवढंच वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या डाव्या हातावर हलका ठेका द्यायचा. आधी दोघांनी मिळून म्हणायचं, मग थेरपिस्टने मध्येच थांबायचं, शेवटी सूर काढून घेऊन साध्या बोलण्यावर यायचं. नेमकं कधी थांबायचं, हे कुठली प्लेलिस्ट सांगणार? शिवाय समजण्याची क्षमताच फार बिघडली असेल, तर ही पद्धत सहसा उपयोगी पडत नाही. ते आधी ओळखावं लागतं.

'गाण्याने अपाय थोडाच होतो?' होऊ शकतो. एखाद्या सुरावटीने जुना आघात उसळून वर येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त आवाजाचा ताण होतो. क्वचित कुणाला संगीतामुळे फिटही येते. (वॉर्डात जाऊन गाणी म्हणायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त त्याला थेरपी म्हणू नका.)

राहिले ते 'दोन दिवस'. अमेरिकेत या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम मिशिगनमध्ये 1944 साली सुरू झाला. आज तिथे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान 1200 तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण आणि वर प्रमाणपत्र परीक्षा, असा रिवाज आहे. ब्रिटनमध्ये मास्टर्स लागतं आणि नोंदणीशिवाय स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

उलट बाजूने 'मास्टर्सशिवाय होताच येत नाही' असं कुणी सांगत असेल, तर तेही सगळीकडे खरं नाही. अमेरिकेत बॅचलर्सवरही परीक्षेला बसता येतं. संगीताची पदवी आधीच असेल, तर राहिलेले विषय आणि क्लिनिकल तास पूर्ण करायची सोय आहे. बरेच जण त्याला जोडूनच मास्टर्स करतात. तास मात्र कुणालाच माफ नाहीत.