डावा हात, डावा पाय

गेल्या रविवारी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला आणि त्यात, पन्नाशी ओलांडलेल्या, सरकारी लेखापरीक्षक म्हणून बऱ्याच कार्यालयांत धाक बाळगून असलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाला, पत्नी आणि कन्येदेखत, भर मैदानात परेड करून दाखवावी लागली. शाळा मुलांची, निवासी आणि सैनिकी आहे. तिचे नाव सांगत नाही, कारण पुढच्या मेळाव्यालाही मला फाटकातून आत सोडावे अशी माझी इच्छा आहे.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे ही कोणत्याही मेळाव्यात होतात तशी झाली. मग उस्ताद आले. आम्हांला ड्रिल शिकवणारे हे उस्ताद मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शाळेत रुजू झाले होते. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. डॉक्टरांनी त्यांना काठी दिलेली आहे, परंतु ती जमिनीवर टेकायची असते हे त्यांना अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही. पावलांचे अंतर मोजण्याची जुनी पेस स्टिक धरत तशी ते ती काखेत आडवी धरतात आणि तोल गेला की जवळच्या माणसाच्या खांद्याला धरतात. रविवारी तो खांदा माझा होता.

मी अदबीने नाव सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“नाव नको. नंबर?”

नंबर माझ्या तोंडून मला न विचारताच बाहेर पडला. त्याला माझा इलाज नाही. सहावीपासून बारावीपर्यंत तो नंबर ट्रंकेवर पांढऱ्या रंगात, बनियनवर न पुसणाऱ्या शाईत आणि कॅनव्हासच्या बुटांच्या जिभेच्या आतल्या बाजूला लिहिलेला असे. तरीही, रात्री ब्लँको, म्हणजे बुटांचा पांढरा रंग, फासून व्हरांड्यात वाळत ठेवलेले बूट पहाटे पीटीच्या शिटीला हाती येत, ते दुसऱ्याच कोणाच्या नंबरचे आणि बहुधा ओले. माझे कोरडे बूट घालून सात वर्षे कोण धावला, याचा शोध लागला नाही. असो.

नंबर ऐकताच उस्तादांचा चेहरा उजळला. “हां! डावा हात, डावा पाय!”

अनभिज्ञ वाचकांसाठी सांगतो. ‘तेज चल’ म्हटल्यावर मिनिटाला 120 पावले टाकायची, प्रत्येक पाऊल 30 इंचांचे, आणि डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढे न्यायचा. रस्त्याने जाताना प्रत्येक माणूस हे नकळत करतो. परंतु मैदानावर, उस्तादांची नजर पडताच, एखाद्या मुलाचे काहीतरी बिनसते आणि त्याचा डावा हात डाव्या पायाच्याच मागे लागतो. आमच्या तुकडीत असा एक मुलगा होता. तो मी नव्हतो. तो माझ्या उजव्या हाताला उभा राहत असे आणि त्याचा हात चुकला की अख्खी तुकडी चार किलोंच्या आसपास वजनाची थ्री-नॉट-थ्री रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारत असे. हा मुलगा पुढे सैन्यात गेला, ब्रिगेडियर झाला आणि रविवारी प्रमुख पाहुणा म्हणून आमच्यापासून दोन हातांवर उभा होता.

“उस्ताद, तो मी नव्हे,” मी म्हणालो आणि शक्य तितक्या सभ्यपणे ब्रिगेडियरांकडे हात केला.

उस्तादांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ब्रिगेडियर साहेब? लेका, साहेबांचा हात चुकत असता तर ते ब्रिगेडियर झाले असते का?”

माझे उभे आयुष्य इतरांच्या हिशेबांतील चुका काढण्यात गेले आहे. या युक्तिवादातही चूक होती, पण ती जागच्या जागी बोट ठेवून दाखवता येईना. ब्रिगेडियरांनी मंद स्मित केले आणि ते समोरच्या ध्वजस्तंभाकडे पाहू लागले. मी म्हणालो, “उस्ताद, मला चालवून बघा.” हे बोलायला नको होते असे आता कोणीही म्हणेल, पण अंगावरचा आरोप पुसण्याची दुसरी कोणती सोय तेथे होती?

“सावधान!”

टाचा जुळल्या, पंजे 30 अंशांवर उघडले आणि मुठी आवळल्या गेल्या. उस्तादांनी वाकून माझा अंगठा पकडला आणि पँटच्या शिवणीवर दाबून बसवला. त्यांचे नख जाड आणि पिवळे पडलेले होते, आणि दाबण्याची जागा अचूक तीच होती. “मुंडी वर. पोट कुणाचं आहे हे? आत घे. तेज चल!”

मी ध्वजस्तंभापर्यंत गेलो, ‘पीछे मूड’ केले आणि परत आलो. हात खांद्यापर्यंत, कोपर ताठ, आणि डाव्या पायाला उजवा हात. एकही चूक झाली नाही. धाप लागली होती, तरी ‘थम’ला मी दोन्ही पाय बरोबर वाजवले आणि न्यायाची वाट पाहत उभा राहिलो.

उस्ताद जमलेल्या मंडळींकडे वळले. “बघा! हाच तो पोरगा. वर्षभर घासला ह्याला, तवा कुठं सुधारला. अजून इसरला नाही!”

टाळ्या पडल्या. सर्वांत आधी ब्रिगेडियरांनी वाजवल्या.

उस्तादांवर माझा राग नाही. त्यांना जे शिकवले गेले तेच ते करतात. राग आहे तो सभागृहातल्या सोनेरी अक्षरांच्या फलकावर, ज्याच्यावर एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, गेलेल्यांची नावे वर्षवार रंगवलेली आहेत आणि उरलेल्या आम्हा सगळ्यांसाठी एक ओळही नाही. या धर्तीच्या शाळा कशासाठी निघाल्या हे मला ठाऊक आहे. 1961 साली साताऱ्याला देशातील पहिले सैनिक स्कूल सुरू झाले, ते सर्व प्रांतांतील आणि थरांतील मुले अधिकारी व्हावीत म्हणूनच. पण एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यापुढची सैन्याच्या निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखतही तितक्याच गुणांची, आणि नंतर वैद्यकीय तपासणी. गाळणी एवढी बारीक असताना बहुसंख्य मुले वरच राहणार, हे शाळेला पहिल्या दिवसापासून माहीत असते. मी वैद्यकीय तपासणीत राहिलो. गुडघे एकमेकांना लागतात, असा शेरा मिळाला. सहावीपासून रोज सकाळी “गुडघे कस!” असे ओरडून ज्या शाळेने ते एकमेकांना लावले, तिच्या फलकावर त्या गुडघ्यांपायी माझे नाव नाही. आम्ही कोणी अभियंते झालो, कोणी शेती केली, कोणी गावात दवाखाना घातला, आणि आजही आठवड्याच्या सातही दिवशी अंथरुणाच्या घड्या स्वतः घालतो. मेळाव्याची वर्गणी मात्र आमच्याकडूनच आधी मागितली जाते.

परतताना कन्येने शंका काढली, “बाबा, आता एनडीएत मुलीही जातात ना?” जातात, 2022 पासून जातात, आणि सर्व सैनिक स्कूलांतही 2021 पासून त्यांना प्रवेश आहे. गुडघे तपासून घे, एवढेच मी तिला सांगितले.

माझ्या परेडची चित्रफीत तिने काढली होती. ती आता माजी विद्यार्थ्यांच्या गटावर आली आहे. खाली मी पुराव्यानिशी सविस्तर खुलासा लिहिला: रांगेतील जागा, शेजारच्याचा नंबर, मारलेल्या फेऱ्या. त्यावर ब्रिगेडियरांचे उत्तर आले. त्यांनी दोनच शब्द लिहिले आहेत, “शाबास, उस्ताद!”