उंदराने कोकेन मागणे सोडले, पण पाण्याचे काय झाले?

कोकेन आणि मेथॅम्फेटामिन यांच्या व्यसनावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेले एकही औषध आजवर नाही. हेरॉइनसाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. उत्तेजक पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या माणसाला मात्र समुपदेशन आणि घरच्यांचा आधार यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणूनच एखाद्या वनस्पतीतील द्रव्याने उंदरांचे व्यसन सुटल्याची बातमी आली की ती हातोहात पसरते. या संशोधनाविषयी मला मनापासून आस्था आहे. त्यामुळेच अशी प्रत्येक बातमी वाचताना त्या उंदराने पाणी मागणेही सोडले होते का, हे विचारले जावे असे मला वाटते.

प्रयोग असा असतो. उंदराच्या मानेजवळील शिरेत बारीक नळी बसवतात. पिंजऱ्यातील कळ त्याने दाबली की पंप सुरू होतो आणि कोकेनचा ठरावीक अंश थेट रक्तात जातो. काही दिवसांत तो ती कळ पुन्हा पुन्हा दाबू लागतो. मग परीक्षेचे द्रव्य टोचतात. कळ दाबणे कमी झाले, तर ओढ ओसरली असेल, किंवा गुंगी आणि थरथर यांमुळे प्राण्याला कळ दाबण्याचे त्राणच उरले नसेल. यातले खरे कोणते, हे कळण्यासाठी तहानलेल्या उंदरांच्या दुसऱ्या गटाला तेच द्रव्य टोचून त्याच तऱ्हेने कळ दाबून पाणी मिळवायला लावतात; त्यांनी पाणी मागणेही सोडले, तर ओढ ओसरली असे म्हणता येत नाही. बातमीत हा गट जवळजवळ कधीच नसतो, आणि माझ्या मते प्रयोगाचा प्राण तोच आहे.

आफ्रिकेतील गॅबॉन देशाच्या बुइटी या धार्मिक परंपरेत इबोगा या झुडपाच्या मुळाची साल विधींमध्ये खातात. तिच्यातील आयबोगेन या द्रव्यावर अमेरिकेतील ऑल्बनी येथे स्टॅन्ली ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात काम केले. उंदीर मॉर्फीन आणि कोकेन कमी घेऊ लागले, पण त्यांच्या अंगाला कापरे भरे आणि पहिल्या तासात पाण्यासाठी कळ दाबणेही मंदावे. १९९३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की मोठ्या मात्रेत हे द्रव्य उंदरांच्या लहान मेंदूतील, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पर्किंजे पेशी मारते. तेव्हा ग्लिक यांनी व्हरमाँट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्युनी यांच्या साथीने १८-मेथॉक्सीकोरोनॅरिडीन हे भावंडद्रव्य पुढे आणले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यानेही उंदरांचे कोकेन घेणे घटले, कापरे मात्र भरले नाही आणि पाण्यासाठी कळ दाबणे चालूच राहिले. मेंदूच्या हॅबेन्यूला या भागातील विशिष्ट निकोटिनिक ग्राहींना (पेशींवरील रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागांना) अडवून ते डोपामिन या ओढीशी निगडित रसायनाच्या व्यवस्थेवर आडवळणाने परिणाम करते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. वनस्पतीने दिशा दाखवली आणि रसायनशास्त्राने तिच्यातील घातक अंश वगळण्याचा प्रयत्न केला, हे मला या कामातील सर्वांत मोलाचे वाटते.

या भावंडद्रव्याचे मूळ रूप असलेले कोरोनॅरिडीन आपल्या अंगणातल्या तगरीतही सापडते. देवपूजेसाठी पांढरी फुले खुडताना देठातून जो पांढरा चीक बोटांना लागतो, तीच ही तगर. (आयुर्वेदातील तगरमूळ ही निराळी वनस्पती आहे.) पण तेवढ्यावरून कोणीही तगरीचे मूळ उकळून व्यसनी माणसाला पाजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हृदयावर आघात करणारी कण्हेर याच कुळातली आहे. आयबोगेनही हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्ग अडवून ठोक्यांची लय बिघडवू शकते. १९९० ते २००८ या काळात ते घेतल्यानंतर दगावलेल्या १९ जणांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, आणि त्यांतील अनेकांना आधीपासून हृदयविकार होता किंवा त्यांच्या शरीरात इतर मादक पदार्थ होते. पिंजऱ्यातील तरुण, निरोगी उंदरांना असा पूर्वेतिहास नसतो.

टेक्सास राज्याने २०२५ साली आयबोगेनच्या वैद्यकीय चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले, हे मला योग्य वाटते. त्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होतील तेव्हा किती जणांनी व्यसन सोडले या आकड्याच्या शेजारीच किती जणांचा ईसीजी बिघडला हा आकडाही छापला जावा, आणि मराठी बातमीतही तो गाळला जाऊ नये.